पेन की पिस्तूल? एअरब्रशच्या ट्रिगरची दीडशे वर्षं

आजचा भाग एका छंदाच्या इतिहासाचा आहे, आणि छंदही तसा कोपऱ्यातलाच. प्लॅस्टिकची छोटी विमानं, रणगाडे, गाड्या जोडायच्या आणि रंगवायच्या. पण ज्यांनी आयुष्यात एकही मॉडेल जोडलेलं नाही त्यांनीही थोडं थांबा. कारण आजची गोष्ट खरं तर एका बोटाची आहे. हातात अवजार धरलं की तर्जनीनं काय करायचं? दाबायचं, मागे सारायचं, की ओढायचं? एवढ्याशा प्रश्नावर माणसं दीडशे वर्षं डोकं लढवत आलीयत.

निमित्त म्हणाल तर एक जुना वाद. मॉडेलवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये जा, वर्षातून एकदा तरी हा पेटतोच. पेनसारखा एअरब्रश चांगला, की पिस्तुलासारखा, म्हणजे ट्रिगरवाला? पेनवाले म्हणतात, ट्रिगर म्हणजे होळीची पिचकारी, नवशिक्यांचं काम. ट्रिगरवाले म्हणतात, एकदा हातात घेऊन बघ, मग बोल. गंमत अशी की दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मनाशी धरलेली असते. पेन हाच मूळ, अस्सल प्रकार आणि ट्रिगर ही मागाहून दिलेली सवलत. मी गेले काही महिने या अवजाराचा इतिहास चाळतोय, आणि माझं मत असं झालंय की ही समजूत चुकीची आहे. ही दोन वेगळी घराणी आहेत. दोन्ही जुनी, दोन्ही घरंदाज. आणि अवजार बिघडतं तेव्हा ते ज्या जागी बिघडतं, ती जागा दोन्ही घराण्यांत एकच आहे.

दोन नळ आणि एक बोट

ज्यांनी एअरब्रश पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. जाडसर पेनाएवढी धातूची नळी. खालून कॉम्प्रेसरची हवा येते. वर किंवा बाजूला रंगाची छोटी वाटी. नळीच्या आत एक लांब अणकुचीदार सुई, जिला आम्ही सगळे नीडलच म्हणतो, आणि पुढे तिच्या टोकावर बसणारा शंकूसारखा नॉझल. या नॉझलचं भोक मॉडेलच्या कामाला साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. नीडल पुढे टेकलेली असली की भोक बंद. ती जरा मागे घेतली की भोक उघडतं. नॉझलच्या भोवतीनं हवा जोरात बाहेर पडत असते, त्यामुळे टोकाशी दाब कमी होतो, रंग बाहेर ओढला जातो आणि त्याचे बारीक तुषार होतात.

म्हणजे बघा, इथे दोन नळ आहेत. एक हवेचा, एक रंगाचा. आणि चालवायला बोट एकच. एअरब्रशचे सगळे प्रकार या अडचणीची वेगवेगळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर, सिंगल अॅक्शन. बोटानं फक्त हवा चालू-बंद करायची, रंग किती यायचा ते आधीच स्क्रू फिरवून ठरवून ठेवायचं. दुसरं उत्तर, डबल अॅक्शन पेन. बटण खाली दाबलं की हवा, तेच बटण मागे सारलं की रंग. एकाच बोटाला एका वेळी दोन दिशा. तिसरं उत्तर, ट्रिगर. बोटाला एकच दिशा, ओढायची. ओढीचा पहिला टप्पा हवा उघडतो, पुढचा टप्पा नीडल मागे घेतो. सोडताना उलट. आधी रंग बंद, मग हवा.

हा क्रम लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

फोटो स्टुडिओतलं घराणं

रंग उडवणाऱ्या या अवजाराचं पहिलं पेटंट १८७६ सालचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यूटन नावाचं गाव आहे, तिथल्या फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांचं. त्याला हवेचा सलग पुरवठा नव्हता, अत्तराच्या फवाऱ्यासारखाच प्रकार. हे स्टॅन्ली कोण? यांनी आणि यांच्या जुळ्या भावानं पुढे फोटोच्या ड्राय प्लेट बनवण्याचा धंदा केला, आणि त्याहून पुढे स्टॅन्ली स्टीमर ही वाफेवर चालणारी प्रसिद्ध मोटार बनवली. फोटो आणि मोटार. आजच्या गोष्टीतली दोन्ही घराणी याच दोन धंद्यांतून वाढली, आणि पहिलं पेटंट दोन्ही धंदे करणाऱ्या माणसाच्या नावावर निघावं, याची मला फार मौज वाटते.

पण 'एअरब्रश' या नावाची परंपरा सुरू होते ती १८७९ पासून, अॅब्नर पीलर यांच्यापासून. त्यांचं यंत्र ओबडधोबडच होतं, दागिने घडवणाऱ्याच्या टेबलावर पडलेल्या सुट्या भागांतून जुळवलेलं. जलरंगाच्या चित्रांसाठी आणि अशाच कलेच्या कामांसाठी, असा त्याचा हेतू होता. ते खरोखर वापरण्याजोगं व्हायला आणखी चार वर्षं लागली. लिबर्टी वॉकअप यांनी ते बाजारात आणलं आणि इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला चक्क एअरब्रशची शाळा काढली. अमेरिकन चित्रकार विल्सन अर्व्हाइन तिथेच हे तंत्र शिकले.

मग येतं १८९३. शिकागोचं जागतिक प्रदर्शन. हो, तेच शिकागो आणि तेच वर्ष, ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. तिथे थेअर अँड चँडलर या कंपनीनं चार्ल्स बर्डिक यांचा एअरब्रश मांडला. आज आपण ज्याला पेन टाइप म्हणतो, त्याचा हा थेट पूर्वज. बर्डिक नंतर लंडनला गेले आणि त्यांच्या कंपनीचं पुढे एअरोग्राफ हे नाव झालं. शिकागोत १९०४ मध्ये येन्स पाशे या नॉर्वेहून आलेल्या गृहस्थांनी स्वतःची कंपनी काढली. पाशे हे नाव आजही मॉडेलवाल्यांच्या तोंडी आहे.

आता हे पेन घेऊन काम कोण करत होतं? मुख्यतः फोटो स्टुडिओतली माणसं. फोटो मोठा करून त्यावर रंग चढवायचा, कडा मऊ करायच्या, मागची भिंत पुसून टाकायची. टेबलाशी बसून, मनगट कागदाजवळ ठेवून करायचं काम. म्हणून धरायची पद्धत लेखणीची. हात ज्या कामाला सरावलेला होता, अवजारानं त्याच कामाचं रूप घेतलं.

या कामाची काळी बाजूही आहे. स्टालिनच्या काळात सोव्हिएत रशियात नको झालेली माणसं फोटोंमधून नाहीशी केली जात. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह स्टालिनच्या शेजारून चालतोय, बाजूला कालवा, असा एक फोटो आहे. येझोव्हला १९४० मध्ये गोळी घातल्यानंतर त्याच फोटोत त्याच्या जागी फक्त पाणी दिसतं. रिटचिंग करणाऱ्यांच्या टेबलावर ब्लेड, शाई आणि एअरब्रश असायचा. इंग्रजीत 'एअरब्रश करून टाकणं' म्हणजे इतिहासातून पुसून टाकणं, हा वाक्प्रचार उगाच रूढ झाला नाही.

तर हे पहिलं घराणं. बैठं काम, सपाट कागद, थोडा रंग आणि पूर्ण ताबा.

कारखान्यातलं घराणं

दुसऱ्या घराण्याचा मूळ पुरुष चित्रकार नव्हता, डॉक्टर होता. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातले अॅलन डेव्हिलबिस. घशात औषध फवारण्यासाठी त्यांनी रबरी फुग्याचा फवारा बनवला आणि १८८८ मध्ये त्याची कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी तीच कल्पना रंगाकडे वळवली आणि १९०७ च्या सुमारास स्प्रे गन आली.

या गनला खरं काम मिळालं ते मोटारींमुळे. ब्रशनं वार्निशचे थर देऊन गाडी रंगवायची म्हणजे आठवडे लागायचे, कारण प्रत्येक थर वाळायची वाट बघायची. १९२३ मध्ये ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी ड्युको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला आणि ओकलंड गाड्यांवर तो वापरला. हा रंग इतका भराभर वाळायचा की ब्रश फिरवायलाही फुरसत मिळू नये. तो फवारणंच सोयीचं. मोटारीचा रंग आणि स्प्रे गन यांची जोडी तिथे जमली ती कायमची.

कारखान्यात कामगार उभा असतो. आख्खी पाळी. हात खांद्यापासून हलतो. अशा माणसानं दिवसभर एका बोटाच्या टोकानं बटण दाबून धरावं आणि वर मागेही सारावं, हे शक्य नव्हतं. म्हणून मुठीत बसणारी मूठ आणि दोन बोटांनी ओढायचा ट्रिगर. आणि इथेच तो क्रम पक्का झाला. ओढताना आधी हवा, मग रंग. सोडताना आधी रंग बंद, मग हवा. का? हवा आधी बंद झाली आणि रंग चालू राहिला, तर टोकावर थेंब साचतो. पुढच्या वेळी ट्रिगर ओढला की तो थेंब गाडीच्या दरवाज्यावर. कारखान्याला ते परवडणार नव्हतं, म्हणून ही शिस्त कामगाराच्या लक्षावर न सोडता लोखंडात बसवली.

आपल्याकडे हे घराणं पाहायचं असेल तर पेन सोडा आणि पेणला जा. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत श्रावणाच्या आधी कॉम्प्रेसरचा आवाज घुमत असतो. मूर्तीच्या अंगाचा रंग, पितांबराची छटा, हे स्प्रे गननं. डोळ्यांची आखणी मात्र हातानं, बारीक ब्रशनं. कुठलं काम कुठल्या अवजाराचं, याबद्दल तिथे कुणाचा वाद नसतो.

पुढे डेव्हिलबिसनं बर्डिकची ती लंडनची एअरोग्राफ कंपनी घेतली. स्टुडिओ आणि कारखाना, दोन्ही एका छपराखाली आले. पण हातात धरायच्या अवजारात हा संगम व्हायला अजून बराच वेळ होता.

रणगाड्यावरची मऊ कड

आता तुम्ही म्हणाल, यात मॉडेलवाले कुठून आले? त्यासाठी १९४३ च्या फेब्रुवारीत जाऊ. जर्मन सैन्यानं हुकूम काढला की यापुढे रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघतील. त्यावरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे आघाडीवर रंगवायचे. रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून यायचा. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायचा आणि मिळालाच तर कॉम्प्रेसर लावून गननं फवारायचा. त्यामुळे त्या रणगाड्यांवरच्या पट्ट्यांना अनेकदा धारदार कड नसते. धुरकट, विरत जाणारी कड असते. त्या काळातल्या जर्मन विमानांच्या बाजूंवरचे ठिपकेही तसेच.

युद्धानंतर प्लॅस्टिकचे किट आले. ब्रिटनमध्ये एअरफिक्सनं १९५३ मध्ये स्पिटफायर काढलं. जपानमध्ये शिझुओकाची टामिया, जी आधी लाकडाचा धंदा करत होती, १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. पोरं मोठी झाली, छंद मोठा झाला आणि हौशी लोक खऱ्या रणगाड्यांचे फोटो बघायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की ब्रशनं ती मऊ कड येत नाही.

जरा हिशोब करू. खऱ्या रणगाड्यावर रंगाची कड समजा ५ सेंटिमीटरमध्ये विरत जाते. १/३५ च्या मॉडेलवर ती झाली साधारण १.४ मिलिमीटर. १/७२ च्या मॉडेलवर ०.७ मिलिमीटर. एवढ्या जागेत रंग विरला पाहिजे. डब्यातल्या स्प्रेनं हे जमत नाही. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर जे काम पिस्तुलानं झालं, ते टेबलावर करायला फोटो रिटच करणाऱ्याचं पेन लागायला लागलं. बारीक काम करायची ताकद पेनाच्या घराण्याकडे होती आणि मॉडेलवाल्यांनी ती उसनी घेतली.

अमेरिकेत १९६४ मध्ये बॅजर कंपनी निघाली आणि तिचे एअरब्रश अनेक हौशी लोकांचे पहिले एअरब्रश ठरले. घरात कॉम्प्रेसर कुणाकडे होता? लोक हवेचे डबे विकत आणायचे, नाहीतर गाडीच्या स्टेपनीतली हवा वापरायचे. हो, खरंच. टायरला नळी जोडायची आणि हवा कमी झाली की पंपावर जाऊन पुन्हा भरून आणायची.

ट्रिगर टेबलावर येतो

पेनाची ताकद आणि पिस्तुलाची मूठ एकत्र आणण्याचं काम पुढे बऱ्याच कंपन्यांनी केलं, आणि त्यात जपान्यांचा वाटा मोठा. १९२६ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या इवाताचे ट्रिगरवाले एअरब्रश आहेत. जीएसआय क्रिओसच्या प्रोकॉन बॉय मालिकेत आहेत. टामियाचा एचजी ट्रिगर टाइप ०.३ मिलिमीटरचा आहे. अमेरिकेतल्या ग्रेक्सचा ट्रायटियम आहे. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकनं तर लुइजी कोलानी या नामवंत डिझायनरकडून ट्रिगरवाला एअरब्रश घडवून घेतला आणि त्याला नावही कोलानीच दिलं. गुळगुळीत, हाडासारखा वळलेला. तो पाहिला की ही नवशिक्यांची पिचकारी आहे असं म्हणायची हिंमत होत नाही.

आत डोकावलं तर काय दिसतं? नीडल तीच. नॉझल तोच. कित्येक कंपन्यांच्या पेनमध्ये आणि ट्रिगरमध्ये टोकाकडचे भाग एकमेकांना चालतात. बदललंय ते बोट आणि नीडल यांच्यामधलं दळणवळण.

त्याचा फायदा काय? कारखान्यातली ती शिस्त फुकटात मिळते. पेन टाइपमध्ये नवीन माणूस हमखास एक गोष्ट करतो. रेघ संपली की बोट उचलतो. हवा बंद होते, पण नीडल अजून मागेच असते. टोकावर रंग साचतो आणि पुढच्या रेघेची सुरुवात एका टपोऱ्या ठिपक्यानं होते. ट्रिगरमध्ये हे घडूच शकत नाही, कारण यंत्र तुम्हाला आधी रंग बंद करायला लावतं.

तोटाही सांगतो. पेनमध्ये हवा आणि रंग वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. हवा नेहमीइतकीच ठेवून रंग अगदी कणभर, किंवा दोन्ही कमी. ट्रिगरमध्ये हा क्रम बांधलेला असतो. हवा कमी करायची तर रेग्युलेटरवर किंवा पुढच्या छोट्या व्हॉल्व्हवर जावं लागतं. ज्याचं बोट पेनावर वर्षानुवर्षं बसलंय, त्याला ट्रिगर म्हणजे कुणीतरी आपला हात धरून लिहून घेतंय असं वाटतं. ती तक्रार खोटी नाही.

बिघडतं ते टोक

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या विषयाकडे येतो, बिघाड. तुमच्या मेल येतात, 'ट्रिगर घेतला आणि त्रास सुरू झाला'. मी त्या तक्रारींची वही ठेवलीय. त्या अशा असतात.

'रंग मध्येच थांबतो, मग थुंकतो.' टोकावर रंग वाळलाय. अॅक्रिलिक असेल आणि मे महिन्यात नागपूरला बसून फवारत असाल, तर तो वाळणारच. रंग दुधाइतका पातळ करा, रिटार्डरचे थेंब घाला, आणि दर काही मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं नीडलचं टोक पुसा.

'वाटीत बुडबुडे येतात.' हवा पुढे जायच्या ऐवजी रंगाच्या वाटेनं मागे येतेय. नॉझल सैल आहे, त्याला चीर गेलीय, नाहीतर पुढे रंग अडकलाय.

'फवारा एका बाजूला जातो.' नीडलचं टोक वाकलंय. नखावरून हलकेच ओढून बघा, वाकलं असेल तर खरवडल्यासारखं लागतं.

'ट्रिगर ओढतो, हवा येते, रंग येत नाही.' मागचा चक, म्हणजे नीडल पकडणारी चिमटी, सैल आहे. ट्रिगर हलतोय, नीडल जागची हलत नाही.

'ट्रिगर सोडला तरी परत येत नाही.' ही तक्रार ऐकायला शंभर टक्के ट्रिगरची वाटते. पण बहुतेक वेळा नीडलच्या मधल्या पॅकिंगच्या मागे रंग शिरून वाळलेला असतो. नीडल चिकटते, स्प्रिंग तिला ढकलू शकत नाही आणि आळ ट्रिगरवर येतो. नीडल काढा, पुसा, टोक सोडून मागच्या भागाला एअरब्रशचं वंगण पुसटसं लावा आणि पॅकिंगचा स्क्रू फार आवळू नका.

'जुलैमध्ये पाण्याचे थेंब येतात.' कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींची खास तक्रार. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन नळीत उतरतं. मॉइश्चर ट्रॅप लावा, टाकीखालचा नळ सोडून पाणी काढा.

'ट्रिगर ओढला तरी सुरुवातीला काहीच होत नाही.' हा बिघाडच नाही. तो हवेचा टप्पा आहे. मागे मर्यादेचा स्क्रू असेल तर तो फिरवून नीडलची धाव कमी करा. बारीक ठिपक्यांच्या कामाला फार उपयोगी.

वही बंद करून मोजलं तर खास ट्रिगरचे म्हणता येतील असे दोनच बिघाड उरतात. हवेच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग झिजून हवा सतत सुटत राहणं, आणि ट्रिगरच्या खिळीत ढिलाई येणं. पहिला तर पेनमध्येही होतो. बाकी सगळं पुढच्या दोन सेंटिमीटरमध्ये. पॅरिसमध्ये काय, पनवेलमध्ये काय, तिथे तेच चाललंय जे बर्डिकच्या एअरब्रशमध्ये चालायचं. एक नीडल, एक भोक, आणि वाळायची घाई असलेला रंग.

म्हणून ट्रिगर घ्या किंवा पेन घ्या, सफाई एकच. काम झालं की वाटी पुसायची, क्लीनर फवारायचा, नीडल मागून काढून पुसायची. अमोनियाच्या काचेच्या क्लीनरमध्ये पितळी भाग रात्रभर भिजत टाकू नका. हार्डवेअरच्या दुकानातला एन.सी. थिनर साफ भारी करतो, पण रबरी रिंगा फुगवतो आणि फुप्फुसांना वाईट. खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा, आणि तोंडाला वाफ अडवणारा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

ज्यांचा हात दुखतो त्यांच्यासाठी

आता या वादात मला जे खरोखर महत्त्वाचं वाटतं, ते. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत. नाव सांगू नकोस म्हणालेत, सांगत नाही. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेले. लेथवर मायक्रॉनची भाषा बोललेला हात. निवृत्तीनंतर मॉडेलकडे वळले आणि त्यांचं काम बघून आम्ही गप्प व्हायचो. मग संधिवात आला. तर्जनीचं पेर सुजायला लागलं. पेनचं बटण स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून धरायचं आणि त्याच वेळी मागे सारायचं, हे दहा मिनिटांच्या वर जमेना. हात थरथरायचा. एक दिवस त्यांनी सगळे किट खोक्यात भरून माळ्यावर टाकले. दोन वर्षं ते ग्रुपला यायचे, चहा प्यायचे, दुसऱ्यांचं काम बघायचे आणि जायचे.

ट्रिगरवाला एअरब्रश त्यांच्या हातात एका मुलानं दिला, सहज, बघायला म्हणून. काकांनी तो मुठीत धरला, दोन बोटांनी ओढला आणि म्हणाले, "अरे, ही तर आमच्या पेंट शॉपमधली गन. लहान होऊन आलीय." पुढच्या महिन्यात माळ्यावरची खोकी खाली आली. आता ते एका बैठकीत पाऊण तास काम करतात.

त्या दिवसापासून 'ट्रिगर म्हणजे नवशिक्यांचं' असं कुणी म्हटलं की मी काकांकडे बघतो. कारण या वाक्याची किंमत कुणीतरी मोजतं. ज्याचा हात दुखतो, त्याला मागायची लाज वाटते. तो गुपचूप खोकी भरून माळ्यावर टाकतो आणि आपल्याला वाटतं, त्याचा उत्साह संपला.

एक इशारा मात्र देतो. ट्रिगर हे प्रत्येक दुखऱ्या हाताचं औषध नाही. ट्रिगर फिंगर नावाचाच एक आजार असतो, ज्यात बोट वाकलं की अडकतं आणि झटक्यानं सुटतं. अशा हाताला वारंवार ओढण्याचा उलट त्रास होऊ शकतो. कुणाला मूठ जमत नाही, अंगठा दुखतो, त्यांना पेनच बरं. काही मॉडेलमध्ये ट्रिगरच्या स्प्रिंगचा ताण कमी करता येतो, तो करून बघा. विकत घेण्याआधी कुणाचा तरी दहा मिनिटं हातात घ्या, नुसत्या पाण्यानं फवारून बघा. आणि दुखणं वाढत असेल तर आधी डॉक्टरांना हात दाखवा, दुकानाची पायरी नंतर चढा.

पीलरच्या यंत्रापासून कोलानीच्या डिझाइनपर्यंत या अवजारानं एकच काम सतत केलंय. समोरचा हात कसला आहे ते बघून आपली मूठ बदललीय. रिटच करणाऱ्यासाठी लेखणी, मोटार रंगवणाऱ्यासाठी गन. साठी ओलांडलेल्या टर्नरच्या सुजलेल्या बोटासाठी ते पुन्हा बदललं, तर त्यात कमीपणा कसला?

तर मंडळी, तुमच्याकडे कुठला आहे, त्यानं शेवटचा त्रास कधी दिला आणि तुम्ही तो कसा सोडवला, हे जरूर लिहून कळवा. माझ्या वहीत अजून पानं शिल्लक आहेत. आणि ग्रुपमधलं कुणी हल्ली नुसतंच चहा पिऊन जात असेल, तर त्यांना एकदा विचारा, हात कसा आहे म्हणून.

पुढच्या भागात आज ओझरता आलेला तो ड्युको रंग. बंदुकीची दारू, सिनेमाची फिल्म आणि मोटारीचा रंग एकाच रसायनातून कसे निघाले, त्याची गोष्ट. तोपर्यंत नीडल पुसून ठेवा. भेटू.